ट्रेलरचे टायर कसे तपासता? डाव्या मधल्या एक्सलचा आतला टायर तीन महिन्यांत तिसऱ्यांदा गेला

बावीसचाकी
नमस्कार मंडळी. आमचा एकच ट्रेलर आहे, बावीस चाकी, चाळीस फुटी, पुढे ओढणारा दहा चाकांचा हॉर्स आणि मागे तीन एक्सल, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन टायरची जोडी. न्हावा शेव्यावरून स्क्रॅपचे कंटेनर जालन्याला भट्ट्यांवर न्यायचे आणि येताना सळई भरून कळंबोलीला यायचं, हाच आमचा धंदा. आधी वडील बघायचे, दिवाळीपासून मी बघतोय, त्यामुळे बऱ्याच गोष्टी अजून शिकतोय.
परवा दुपारी अडीचच्या सुमारास समृद्धीवर सिन्नरच्या पुढे डाव्या बाजूचा मधल्या एक्सलचा आतला टायर फुटला. नुसता फुटला असता तर ठीक, पण वरचा रबराचा पट्टा सोलून निघाला, त्याने मडगार्ड फाडलं, ब्रेकचा एअर पाइप तोडला आणि हवा गेल्यामुळे मागचे ब्रेक लागून गाडी जागेवर जाम. ड्रायव्हरकाका आमच्याकडे २१ वर्षं आहेत म्हणून गाडी सरळ राहिली. मागून एक कार येत होती, पट्ट्याचा तुकडा तिच्या समोर पडला, त्या माणसाने कशीबशी वाचवली. गाडीत लहान पोर होतं. ते ऐकल्यापासून मला झोप नाही.
याच जागेवरचा हा तिसरा टायर आहे तीन महिन्यांत आणि तिन्ही नवे होते हो. बाकीचे एकवीस नीट चालतात. नक्की काय तपासू, कुठून सुरुवात करू, कृपा करून सांगा.

कळंबोली_गॅरेज
आधी सगळे सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. दादा थोडी माहिती द्या. टायर कोणता, ट्यूबवाला का ट्यूबलेस? हवा कधी भरता आणि किती? आणि टायर फुटल्यावर नवीन घातला तेव्हा शेजारच्या जोडीदाराचं काय केलंत, तो तोच ठेवला का?

बावीसचाकी
१०.०० आर २० रेडियल, ट्यूब फ्लॅपवाले, साइडला १४६/१४३ के लिहिलंय. हवा १२० पीएसआय ठेवतो. भरायची म्हणजे वाटेत पंपावर थांबलो की क्लीनर टॉमीने (लोखंडी दांड्याने) सगळे टायर ठोकत जातो, ज्याचा आवाज बद्द येतो त्यात भरतो. बाहेरचा टायर तोच आहे, अजून रबर आहे त्याला, फेकायचा कशाला म्हणून ठेवला.

जुना_टायरमन
बावीसचाकी, तुमच्या दुसऱ्या पोस्टमध्येच निम्मं उत्तर आहे. मी टायर कंपनीच्या सर्व्हिस विभागात होतो, आयुष्य फुटलेले टायर उघडून कारण शोधण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.
पहिली गोष्ट टॉमी. टॉमीने ठोकून एवढंच कळतं की टायरमध्ये हवा आहे का पूर्ण गेली आहे. १२० आणि ८५ मधला फरक चाळीस वर्षांच्या अनुभवी कानालाही कळत नाही, आणि रेडियल जोडीत डोळ्यालाही कळत नाही कारण शेजारचा टायर वजन धरून असतो, खालचा फुगवटा दोघांचा सारखाच दिसतो. गेज लावल्याशिवाय कळणार नाही, याला दुसरा इलाज नाही.
आता वजनाचा हिशोब बघा. २०१८ मध्ये एक्सल लोड वाढवले तेव्हा तीन एक्सलच्या गटाला २७ टन झाले. (तुमच्या गाडीचे ५५ टन असेच येतात, पुढचा ७, हॉर्सचे मागचे दोन २१ आणि ट्रेलरचे २७.) २७ टन बारा टायरवर म्हणजे एकाला सव्वादोन टन. तुमच्या टायरवरचा १४३ हा जोडीतल्या एका टायरचा आकडा आहे, त्याचा अर्थ २७२५ किलो, तोसुद्धा हवा पूर्ण असेल तर. म्हणजे पासिंगच्या वजनात टायरला थोडी सवड आहे. पण जोडीतल्या एकाने अंग काढलं की दुसऱ्यावर साडेचार टन येतात आणि एकट्याने उचलायची त्याची हद्द १४६ म्हणजे ३००० किलो. दीडपट झालं. तो दुसरा लगेच फुटत नाही, आतून तुटतो, आणि पुढच्या महिन्यात भलत्याच ठिकाणी फुटतो. तेव्हा आपण म्हणतो टायर खराब निघाला.
दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नव्या रेडियलला नक्षी (खाचांची खोली) साधारण १५-१६ मिमी असते. तुमच्या बाहेरच्या जुन्याला किती उरलीय? ६-७ असेल. म्हणजे आतला टायर बाहेरच्यापेक्षा ८-९ मिमी उंच झाला. उंच टायर जास्त वजन घेतो, आणि रस्ता मध्ये उंच व कडेला उतरता असतो त्यामुळे आतल्यावर तसंही जास्त येतं, वर तो ब्रेक ड्रमच्या बाजूला, वारा लागत नाही. तुम्ही दर वेळी नवा टायर नेमक्या सगळ्यात वाईट जागी घालताय, तेही एकट्याने ओझं उचलायला. बाहेरच्याचं रबर बघा, एका कडेने घासून पिसं निघाल्यासारखं असेल. छोटा टायर मोठ्याच्या बरोबर फिरायला बघतो आणि रस्त्यावर घसटत जातो.
जोडी लावताना नक्षीतला फरक ३ मिमीच्या आत ठेवा. थोडा फरक असलाच तर उंच टायर बाहेर. डेप्थ गेज अगदी स्वस्तात मिळतं, ते ड्रायव्हरच्या खणात पाहिजेच.

रोडलाईन७७
काका एक शंका. आम्ही उन्हाळ्यात विदर्भात जाताना मुद्दाम हवा १०५-११० ठेवतो. ४५ डिग्रीमध्ये हवा वाढते आणि टायर फुटतो असं सगळेच म्हणतात. दुपारी ढाब्यावर थांबलो की थोडी सोडतो पण.

जुना_टायरमन
हे आजपासून बंद करा, मनापासून सांगतो. सकाळी २८ डिग्रीला १२० भरलेला टायर चालून आतली हवा ६० डिग्रीला गेली की गेज १३३-१३४ दाखवणार. तो वाढीव दाब टायर बनवताना धरलेलाच असतो. तुम्ही गरम टायरमधून सोडून १२० केलात तर दुसऱ्या सकाळी थंड टायरमध्ये १०७ च उरतात. तिसऱ्या दिवशी परत सोडलीत की अजून खाली. टायर उन्हाने फुटत नाही, कमी हवेने साइडवॉल जास्त वाकते, वाकण्याने गरम होतो, गरम झाल्याने रबर आणि तारेचा धरलेला जोड सुटतो आणि फुटतो. उन्हाळा फक्त ते काम लवकर करतो. समृद्धी ७०१ किलोमीटर सरळ काँक्रीट, टायरला मध्ये गार व्हायला वावच मिळत नाही, तिथे कमी हवेचा टायर टिकत नाही.
हवा मोजायची ती निघायच्या आधी, पहाटे, गाडी निदान तीनचार तास उभी असताना. आणि एखाद्या टायरात पाचवा हिस्सा हवा कमी सापडली, म्हणजे १२० ऐवजी ९६ किंवा त्याहून खाली, तर त्यात सरळ हवा भरायची नाही. तो काढून, उतरवून आतून बघायचा.

पंक्चर_शिरवळ
टायरमन काकांच्या या शेवटच्या ओळीवर मला बोलायचंय म्हणून खास लॉगिन केलं. माझं हायवेला टायरचं दुकान आहे, वडिलांपासून. ड्रायव्हर येतो, म्हणतो हवा मार लवकर निघायचंय. टायर हवा जाऊन बसलेल्या अवस्थेत चाळीस किलोमीटर चालून आलेला असतो. त्याच्या साइडवॉलमधल्या तारा वाकून वाकून तुटत आलेल्या असतात, बाहेरून काही दिसत नाही. हवा भरायला लागलं की आतून कटकट बारीक आवाज येतो आणि मग साइडवॉल एकदम चेन उघडावी तशी फाटते. आवाज आला की हात लावायला जाऊ नका, लांबूनच हवा बंद करा, कोणालाही जवळ येऊ देऊ नका.
आणि ट्यूबवाल्या रिमची लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी. २०१६ साली माझ्या दुकानात कामाला असलेला पोरगा रिंग उडून गेला. १९ वर्षांचा होता. रिंग गंजलेली होती, एका जागी नीट बसली नव्हती आणि तो वाकून हातोडीने ठोकत होता, हवा ऐंशीच्या वर गेलेली. पुढचं मी लिहीत नाही. त्या दिवसापासून माझ्याकडे लोखंडी पिंजरा आहे आणि लांब पाइपचं गेज आहे. पिंजऱ्याशिवाय मी हवा भरत नाही, भले गिऱ्हाईक जाऊ दे. ट्रेलरवाल्यांनो, दुकानात पिंजरा नसेल तर निदान चाक लॉक रिंगची बाजू खाली करून आडवं टाकायला सांगा, वर साखळी गुंडाळा, आणि तुमच्या क्लीनरला समोर उभा करू नका. रिंगला तडा, गंज, वाक असेल तर ती रिंग भंगारात. वेल्डिंग करून परत वापरणारे बघितलेत मी. आणि हवा असताना रिंगवर हातोडी कधीच नाही. जोडीतलं चाक काढायचं असेल तर नट सैल करायच्या आधी दोन्ही टायरची हवा पूर्ण सोडा, व्हॉल्व्हची पिन काढून. आतला रिम तडकलेला असेल तर नट सोडल्या सोडल्या उडतो.

बावीसचाकी
शिरवळकर भाऊ, वाचून हात थांबले. आमचा क्लीनर पण एवढ्याच वयाचा आहे. कालच तो स्टेपनीत हवा भरताना समोर बसलेला मी स्वतः बघितलाय. उद्यापासून नाही.

कळंबोली_गॅरेज
शिरवळच्या भावाने लिहिलंय ते प्रत्येक ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लावलं पाहिजे.
बावीसचाकी, आता तुमच्या कामाचं. आतल्या टायरची हवा कोणी बघत नाही कारण व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही, हे खरं कारण आहे, ड्रायव्हरला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. आतल्याच्या व्हॉल्व्हला धातूचं एक्स्टेन्शन (लांब नळी) लावा, त्याला क्लिप लावून बाहेरच्या रिमला धरून ठेवा, नाहीतर हलून हलून तेच ढिलं होतं आणि तिथूनच हवा जाते. चाक चढवताना दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर येतील असं बसवा म्हणजे दोन्हीकडे गेज लागतं. कॅप धातूच्या, आत रबर वायसर असलेल्या. व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा बघायची जुनी पद्धत आहे, साबणाचं पाणी बाटलीत ठेवलं तर अजून बरं.
दुसरं, त्या एका चाकाचा ब्रेक धरून राहतोय का बघा. घाट उतरून थांबलात की हबजवळ तापमानाची गन मारा. आकडा किती यापेक्षा बाकीच्या पाच हबपेक्षा वेगळा आहे का ते बघायचं. एकच गरम असेल तर स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकमधलं अंतर राखणारा भाग) अडकलाय किंवा बेअरिंग जातंय. एकच गार असेल तर तो ब्रेक लागतच नाहीये आणि त्याचं काम बाकीचे करतायत. गरम ड्रमवर पाणी मात्र मारू देऊ नका, तडे जातात.
तिसरं, टेप घ्या. किंगपिनच्या (ट्रेलर हॉर्सला जोडणाऱ्या खिळीच्या) मध्यापासून पहिल्या एक्सलच्या टोकापर्यंत डावीकडून माप आणि उजवीकडून माप. फरक ३ मिमीच्या आत पाहिजे. मग एक्सल ते एक्सल. टॉर्क रॉडचे (एक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेले की एक्सल तिरका होतो आणि ट्रेलर रस्त्यावर आडवा चालायला लागतो, टायर खरवडून निघतात. हॉर्सचं अलाइनमेंट सगळे करतात, ट्रेलरचं कोणी करत नाही.

सळईवाला_जालना
रिमोल्डबद्दल, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवण्याबद्दल, कोणी बोललं नाही. आम्ही ट्रेलरला कोल्ड प्रोसेस रबर चढवलेलेच वापरतो, हॉर्सच्या पुढच्या दोनला फक्त नवे. चालतात चांगले. लोक पट्टा निघाला की रिमोल्डला शिव्या देतात पण बावीसचाकींचे तर तिन्ही नवे होते.

जुना_टायरमन
बरोबर. ज्या टायरचं केसिंग (मूळ सांगाडा) कमी हवेत भाजलेलं नाही त्याला रबर चढवायला काहीच हरकत नाही, ट्रेलरला तर नाहीच. पण नक्षी पूर्ण संपून टी डब्ल्यू आय च्या (झीज दाखवणाऱ्या खुणेच्या) खाली जाईपर्यंत चालवला की केसिंगला कट लागतात आणि मग चढवणारा नाही म्हणतो. पावसाळ्यात तर ओलं रबर जास्त सहज कापलं जातं, जून लागायच्या आधीच बघून घ्या. जोडीत अडकलेला दगड दर थांब्याला काढायचा, तो दोन्ही साइडवॉल खातो.

उसाची_ट्रॉली
राम राम. आमचं तुमच्यायेवढं मोठं नाही पण वाचून इचारावंसं वाटलं. कोल्हापूर भागात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून ऊस वाहतो, ९.०० १६ चे टायर. हंगाम संपला की ट्रॉल्या सात महिने बांधाला उन्हात उभ्या आणि पुढच्या हंगामात पहिल्याच पंधरवड्यात टायर फुटत्यात. रबर तर दिसतंय चांगलं. काय करावं?

जुना_टायरमन
पाटील, ट्रॉली उभी करताना रिकामी करा, एक्सलखाली दगड-लाकडाचे ठोकळे देऊन चाकं जमिनीपासून सुटी करा. टायर एकाच जागी दबून राहत नाही. उन्हाची बाजू पोत्यांनी झाका, ऊन रबराला चिरा पाडतं. हंगामाआधी साइडवॉलच्या चिरा बघा, नखात रुततील अशा खोल असतील आणि आत धागा दिसत असेल तर तो टायर ट्रॉलीला नको. साइडवर चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रकवरून उतरलेले जुने टायर घेताना तो आधी वाचा. आणि ऊस भरताना वजनाची चिठ्ठी वाढवायला खेप ठासून भरतात, ते टायरच्या हिशोबात बसत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

उसाची_ट्रॉली
माहीत हाय काका. टोळीवाल्यांना आणि घरच्यांना दोघांनाबी सांगतो. उपकार झाले.

लाईनवाला
मी हायड्रॉलिक एक्सलवर (अवजड सामानाच्या बहुचाकी ट्रेलरवर) आहे, ट्रान्सफॉर्मर, पवनचक्कीचं सामान वगैरे. एका लाईनला (एक्सलच्या रांगेला) आठ टायर, सोळा लाईन जोडल्या की १२८ झाले. टायर लहान, २१५/७५ आर १७.५, आणि वेग अगदी कमी म्हणून प्रत्येकाला जास्त वजन देता येतं. आमच्याकडे लोड घेण्याच्या आदल्या दिवशी दोन माणसं फक्त हवा मोजतात, एक गेज लावतो, एक वहीत लिहितो, लाईन नंबर आणि जागा नंबर घालून. अर्धा दिवस जातो. पण कोणता टायर दर आठवड्याला ४-५ ने उतरतो ते वहीमुळे कळतं, नुसती भरत राहिलं तर ते कधीच कळत नाही. बावीस टायरला पंधरावीस मिनिटं लागतील तुम्हाला. वही घाला.
अजून एक, चाक चढवल्यावर नट समोरासमोरचे क्रमाने आवळा आणि ५०-१०० किमी नंतर परत आवळा. नटाखालून गंजाचा लाल ओघळ दिसला तर तो नट ढिला आहे.

ह्यूस्टनकर
मी इथे टेक्सासमध्ये ट्रेलरच्या मेंटेनन्समध्ये आहे, मूळचा नगरचा. इथेही ड्रायव्हर टायर ठोकूनच बघतात, हे काही आपल्याकडचंच नाही. बऱ्याच ट्रेलरला आपोआप हवा भरणारी यंत्रणा असते, एक्सलच्या आतून पाइप जातो. चांगली आहे, पण हळू गळणारा टायर ती भरत राहते आणि खिळा तसाच राहतो, त्यामुळे दिवा लागला की बघावंच लागतं. कायद्याने इथे पुढच्या टायरला ४/३२ इंच आणि बाकीच्यांना २/३२ इंच नक्षी लागते. ट्रेलरवाल्यांनी निदान सेन्सरवाल्या कॅप तरी लावाव्यात असं मला वाटतं, आतल्या टायरला तरी.

रोडलाईन७७
आणि नायट्रोजन?

कळंबोली_गॅरेज
साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. भरायचा तर भरा, वाईट नाही, पण त्या पैशात चांगलं गेज घेऊन दर आठवड्याला मोजलंत तर जास्त फायदा.

बावीसचाकी
सगळ्यांना सांगतो काय सापडलं. पहाटे पाचला मी, ड्रायव्हरकाका आणि क्लीनर असे तिघे यार्डात होतो, गाडी रात्रभर उभी. क्लीनर गेज लावत होता, मी लिहीत होतो, काका बॅटरी धरून.
बावीसपैकी तेरा टायर ११५ ते १२२ मध्ये. सहा १०० ते ११०. एक ९८. आणि डाव्या मधल्या जोडीत त्या दिवशी रस्त्यात घातलेला नवा आतला टायर, ज्याला चारच दिवस झाले, त्यात ८८. एक उरला तो उजव्या मागच्याचा आतला, त्याला गेज लागतच नव्हतं, व्हॉल्व्ह रिमच्या मागे फिरलेला, म्हणजे त्याची हवा कधीपासून कोणी मोजलेली नाही कोण जाणे.
८८ वाल्याला साबणाचं पाणी लावलं, एक्स्टेन्शनच्या बुडाशी बुडबुडे. तिन्ही वेळा टायर नवा, ट्यूब नवी, पण एक्स्टेन्शन तेच जुनं परत फिरवलेलं. क्लिप नाहीच. नक्षी मोजली, आतला १५, बाहेरचा ६. बाहेरच्याची कड टायरमन काकांनी म्हटल्यासारखीच पिसं निघालेली. टेप लावली तर किंगपिनपासून डावीकडे ८ मिमी जास्त, पुढच्या टॉर्क रॉडचा बुश हाताने हलतोय. ब्रेक मात्र ठीक आहे, काल घाटातून आल्यावर सहाही हब जवळजवळ सारखे होते.
ड्रायव्हरकाका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, एवढी वर्षं मी कान लावून बघितले, कोणी गेज हातात दिलं नाही. मला फार वाईट वाटलं, कारण द्यायचं काम आमचं होतं. आज दोन गेज घेतले, एक गाडीत आणि एक यार्डात.
८८ वाला टायर शिरवळकरांच्या सांगण्याप्रमाणे हवा न भरता उतरवला. आत बोटाने चाचपलं तर साइडवॉलला गोल काळी रेघ आणि रबराची पूड. ठेवायचा का?

जुना_टायरमन
नाही. ती पूड म्हणजे आतून भाजला. चारच दिवसांचा आहे, पैसे गेल्याचं दुःख होणारच, पण तो परत चढवू नका आणि कोणाला विकूही नका. साइडवॉल कापून मग भंगारात द्या, नाहीतर फिरून कुणाच्या तरी ट्रॉलीला लागेल. ९८ वाला हद्दीच्या जरा वरच आहे, पण तोही एकदा उतरवून आतून बघा.

बावीसचाकी
कापला. ९८ वाला आतून स्वच्छ निघाला, पिन गळत होती. बुश उद्या बदलतायत, मग अलाइनमेंट, आणि डाव्या मधल्याला ८ आणि ९ मिमीची जोडी लावतोय, दोन्ही आमच्याच गाडीतल्या वेगवेगळ्या जोड्यांतले. उजव्या मागच्याचा व्हॉल्व्ह फिरवून घेतला, त्यात ७० निघाले, तो पण उतरवलाय, उद्या दुकानात आतून बघणार. शनिवारी पहाटे परत बावीस मोजून वहीचा फोटो टाकतो.